स्टिअरिंग थरथरते, खालून खटखट येते? गॅरेजला जाण्याआधी हे तपासा

भुसावळ : तापीकाठची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. त्यामुळे तिच्यावरचे रस्ते उंचसखल होतात आणि त्याचा मार गाडीच्या सस्पेन्शनला बसतो. अनेक जण आवाज आला की थेट अलाइनमेंट करून घेतात. पण झिजलेला पार्ट तसाच ठेवून केलेले अलाइनमेंट टिकत नाही. त्यामुळे आवाज नेमका कधी येतो, हे आधी लक्षात घ्या.

लक्षणे काय सांगतात?

• महामार्गावर ८० ते १०० च्या वेगात स्टिअरिंग थरथरणे : बहुधा व्हील बॅलन्सिंग बिघडलेले असते. फक्त ब्रेक दाबल्यावर थरथर होत असेल तर ब्रेक डिस्क तपासा.

• गाडी एका बाजूला ओढणे : आधी टायरमधली हवा बघा. हवा सकाळी, टायर थंड असतानाच तपासा. भर उन्हात चालवलेल्या टायरचा दाब वाढलेला दिसतो. तेव्हा हवा कमी करू नका. हवा बरोबर असेल तर मग अलाइनमेंट.

• गतिरोधकावर खटखट : लिंक रॉड, बुश किंवा शॉकअप.

• स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी चालवताना कटकट : ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट.

• वेगाबरोबर वाढणारी घरघर : व्हील बेअरिंग किंवा वाकडातिकडा झिजलेला टायर.

घरच्या घरी दोन चाचण्या

गाडीचा कोपरा जोरात दाबून सोडा. वर येऊन लगेच स्थिरावला तर ठीक. दोन-तीनदा उसळला किंवा शॉकअपवर तेल दिसले तर तो कमजोर झाला आहे. मात्र उसळी नाही म्हणजे शॉकअप ठणठणीत, असेही नाही.

दुसरी चाचणी टायरची. एकाच कडेने झीज असेल तर अलाइनमेंट बिघडल्याची शंका घ्या. जागोजागी खड्डे पडल्यासारखी झीज असेल तर शॉकअप तपासा.

इथे मात्र थांबा

स्टिअरिंग बरेच फिरवूनही चाक हलत नसेल, किंवा गाडी सरळ रस्त्यावर भरकटत असेल, तर टाय रॉड एन्ड किंवा बॉल जॉइंट सैल झालेला असू शकतो. तो निखळला तर चाकावरचा ताबा सुटतो. अशी गाडी जळगावपर्यंत रेटू नका. मेकॅनिकला बोलवा किंवा टो करून न्या. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका.

गॅरेजमध्ये ‘आवाज येतो’ एवढेच सांगू नका. किती वेगात, वळताना की ब्रेक दाबताना, हेही सांगा. पार्ट बदलल्यावर अलाइनमेंट करा आणि जुना पार्ट मागून बघा.