सूतिकाकाल आणि आशांच्या गृहभेटी

सूतिकाकाल दीड महिन्याचा मानावा, हे सुश्रुत व वाग्भट यांच्या अभ्यासकांस नव्याने सांगावयास नको. शासनाच्या गृहभेटींची मुदतही 42 दिवसांचीच आहे, याकडे मात्र आपल्या व्यवसायबंधूंचे लक्ष क्वचितच जाते. 'एचबीएनसी' या नावाने 2011 साली देशभर लागू झालेल्या या योजनेत आशा स्वयंसेविका बाळंतिणीच्या घरी 3, 7, 14, 21, 28 व 42 व्या दिवशी जाते. प्रसूती घरीच झाली असेल तर पहिल्या दिवशीही. ती बाळाचे वजन व तापमान घेते, नाळ कोरडी आहे ना ते पाहते, बाळास अंगावर नीट पाजले जाते की नाही याची खात्री करून घेते.

या योजनेचे मूळ महाराष्ट्रातले आहे. गडचिरोली जिल्ह्यातील 39 गावांत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच स्त्रियांना शिकवून नवजात बालकांची घरी काळजी घेतली. तेथील नवजात मृत्युदर हजारी 62 वरून 25.5 वर आला. 1999 साली 'लॅन्सेट'मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

अशा कामासाठी निधी किती? 2011 च्या सूचनांनुसार सर्व भेटी पूर्ण झाल्यावर आशेस 250 रुपये, म्हणजे सहा भेटींच्या हिशेबाने भेटीमागे 42 रुपयेही नाहीत. शहरात बाळ-बाळंतिणीस मालिश करणाऱ्या बाईस कुटुंबे यापेक्षा कितीतरी अधिक देतात, आणि त्यात वावगे काही नाही. खटकते ते निराळेच. जन्मवजनाची नोंद, लसीकरण व जन्मनोंदणी यांबरोबरच माता व बालक 42 व्या दिवसापर्यंत सुखरूप असणे, हीदेखील मोबदल्याची अट ठेवण्यात आली. अपुऱ्या दिवसांच्या, अशक्त बाळाकडे जी अधिक वेळा धावली, तिचेच बाळ दगावले तर तिचे श्रम हिशेबात धरले जाऊ नयेत, हे आम्हांस न्याय्य वाटत नाही. वैद्य आपली दर्शनी रुग्णाच्या आयुष्यावर ठरवीत नाही. 2018 पासून तिसऱ्या ते पंधराव्या महिन्यापर्यंतच्या पाच भेटी जोडल्या गेल्या, त्यांचा दर भेटीमागे 50 रुपये ठरला.

हा प्रश्न आपला नाही, असे कोणी म्हणेल. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या फिरत्या पथकांत आयुष वैद्यकीय अधिकारीच असतात, आणि याच कार्यक्रमात सहा आठवड्यांपर्यंतच्या बालकांतील जन्मजात व्यंगे गृहभेटीत हेरण्याचे काम आशेकडे आहे. म्हणजे तिची नोंद आपल्याच बांधवांच्या कामाची पहिली पायरी ठरते.

औषधालय चालकांस थोडे अप्रिय सांगणे भाग आहे. आशा घरात सांगून जाते की सहा महिने अंगावरच्या दुधाखेरीज काही नको. त्याच संध्याकाळी आजी आपल्या दुकानी बाळगुटी आणि मध मागते. तान्ह्या बाळास मधातून बोट्युलिझमसारखी विषबाधा होऊ शकते, हे आता सर्वमान्य आहे. लेहनाचा विचार काश्यपसंहितेत आहे. पण तेथे तो वैद्याच्या विवेकाने करावयाचा आहे, गल्ल्यावरून पुडी देऊन नव्हे. बाळाचे वय विचारल्यावाचून असा माल देऊ नये. बाळंतकाढा मातेसाठी आहे, तो वैद्याच्या सल्ल्याने अवश्य द्यावा. बंद खोलीतल्या शेगडीच्या व धुरीच्या धुराने तान्ह्याच्या श्वासास अपाय होतो, एवढे सांगावयासही विसरू नये. बाळ दूध ओढत नाही, अंग थंड लागते किंवा छाती आत ओढली जाते असे कळले, तर काढ्याची वाट न पाहता रुग्णालयाची वाट दाखवावी.

राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा निधी महाराष्ट्रात केंद्र 60 व राज्य 40 टक्के या प्रमाणात येतो, आणि त्याचा आराखडा जिल्ह्याकडून वर जातो. तो तयार होण्यापूर्वी जिल्हा शाखांनी जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांस निवेदन द्यावे : गृहभेटीचा दर वाढवावा, झालेल्या प्रत्येक भेटीचे पैसे मिळावेत, बाळ दगावले तरीही.