मैदानाला कुलूप लागलं तेव्हा

मार्च २०२०. संध्याकाळी सहाचा सुमार. तुळशीपाशी दिवा लावत होते, तोच शेजारची मुलगी फाटकातून आत आली. रोज या वेळी ती मैदानावर असायची. वेणी घट्ट बांधलेली, पायात बूट. पण गुडघ्याला मातीचा कण नाही.

"काकू, सरांनी परत पाठवलं. मैदान बंद. कधीपर्यंत ते त्यांनाही माहीत नाही."

"अगं, आठ-पंधरा दिवसांचा तर प्रश्न!" मी म्हटलं. किती शहाणी मी! पुढे दीड वर्ष ती पोर आमच्या दोन घरांमधल्या बोळात पळत होती आणि मी खिडकीतून बघत होते.

आमचं गाव धाराशिव, तेव्हाचं उस्मानाबाद. बाहेरच्यांना आमच्या जिल्ह्याची ओळख तुळजाभवानीमुळे, नाहीतर दुष्काळामुळे. पण खो-खोच्या मैदानावर विचारा. तिथे 'उस्मानाबादच्या मुली' म्हटलं की समोरच्या संघाच्या मुली बुटाच्या नाड्या पुन्हा एकदा आवळून घेतात. डॉ. चंद्रजित जाधव यांनी इथे वर्षानुवर्षं मुलींना हा खेळ शिकवला. ना मोठं शहर, ना कारखानदारी, ना पैसेवाल्यांचे क्लब. तरी इथल्या मुली राज्याच्या आणि देशाच्या संघात जाऊन बसल्या. खो-खोला लागतं तरी काय? दोन खांब, चुन्याच्या रेघा आणि पळणारे पाय. गरिबाघरच्या लेकीला परवडणारा खेळ, म्हणूनच तो इथे रुजला असं मला वाटतं.

आपल्यापैकी पुष्कळजणी शाळेत खो-खो खेळल्या असतील. आठवतंय ना? आठजणी एका रांगेत, एकीचं तोंड इकडे तर दुसरीचं तिकडे अशा बसलेल्या. नववी पाठलाग करणारी. समोरून तीन-तीन जणींची तुकडी पळायला येते. पळणारी रांगेतून कशीही आरपार जाईल, पाठलाग करणारीला मात्र ती मुभा नाही. ती बसलेलीच्या पाठीला मागून हात लावणार, मोठ्यानं "खो" म्हणणार आणि तिच्या जागी बसणार. नऊ मिनिटं हेच. बघणाऱ्यालाच धाप लागते!

आता हाच खेळ त्या साथीच्या दिवसांत डोळ्यांपुढे आणा. दुसऱ्याला हात लावू नका, तोंडावर पट्टी बांधा, सहा फूट लांब राहा, मोठ्यानं बोलू नका, सगळ्यांनी एकाच वस्तूला हात लावू नका. खो-खोत तर पाठीला हात लावल्याशिवाय आणि ओरडल्याशिवाय खोच होत नाही! खांबाला दोन्ही संघांचे हात लागतात. पळून पळून छाती भात्यासारखी हलते, तिथे तोंडावर पट्टी कशी टिकावी? लांब पल्ल्याची धावपटू एकटी पळू शकते, नेमबाज भिंतीकडे तोंड करून सराव करू शकते. खो-खोवाली एकटी काय करणार? तरी शेजारच्या पोरीनं उपाय काढलाच. अंगणातल्या लोखंडी खांबाला गिरकी घेऊन वळायचं, शंभर वेळा. त्या खांबाचा रंग एका जागी पार उडून गेला. तिचे वडील कुरकुरले, पण पुन्हा रंग काही लावला नाही.

ती तेव्हा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती, एकोणीस वर्षांची. अठराच्या आतल्या कुमारी गटातून बाहेर पडलेली, खुल्या गटात जेमतेम पाय ठेवलेला. तिची सगळी भिस्त कॉलेजच्या संघावर होती. आधी आंतरमहाविद्यालयीन सामने, त्यातून विद्यापीठाचा संघ, मग आंतरविद्यापीठ स्पर्धा, अशी ती शिडी. त्या वर्षी शिडीच काढून घेतली गेली. नोव्हेंबर २०२०मध्ये नववी ते बारावीचे वर्ग सुरू करायला परवानगी मिळाली, कॉलेजं फेब्रुवारी २०२१मध्ये अर्ध्या हजेरीनं उघडली. मुलींनी चुन्याची फक्की आणली म्हणेपर्यंत दुसरी लाट आली आणि पुन्हा कुलूप! ते निघालं २० ऑक्टोबर २०२१ला. मधल्या काळात दर महिन्याला एक नवी अफवा. कुणी म्हणे दिवाळीनंतर सामने होणार, कुणी म्हणे थेट पुढच्या वर्षी. एकदा तर संघाची यादी तयार करा असा निरोप आला आणि आठ दिवसांत विरला. सामना नाही हे एकवेळ सोसतं हो, पण होणार की नाही हेच कळेना, ते फार वाईट. सराव करावा तर कशासाठी, आणि सोडावा तर उद्याच निरोप आला म्हणजे?

घरच्यांना हे कळत नव्हतं असं नाही. पण घराचं गणित निराळं असतं. मे महिन्यात तिला स्थळ आलं. त्या दिवसांत लग्नाला पन्नासच माणसं चालत. मांडव नको, जेवणावळ नको, मानपान नको. मुलीच्या बापाला हे किती मोठं आमिष आहे ते आपल्याला वेगळं सांगायला नको. मराठवाड्यात त्या दोन वर्षांत लहान लहान मुलींचीही लग्नं उरकली गेल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत वारंवार येत होत्या. आमची ही तर सज्ञान. तिची आई माझ्याकडे येऊन बसली.

"वहिनी, सामने होणार असले तर मी यांना थांबा म्हणते. पण होणारच नसले तर काय म्हणून थांबवू?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आपण 'मुलींनी खेळावं' म्हणून भाषणं ऐकतो, टाळ्या वाजवतो. पण खेळाचं प्रमाणपत्र हा घरातल्या वादात आईच्या हातातला एकुलता एक पुरावा असतो, हे मला तेव्हा कळलं. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. पण त्यासाठी स्पर्धेतलं प्रमाणपत्र लागतं, आणि स्पर्धाच नाही तर ते आणायचं कुठून? वर्ष मात्र कुणासाठी थांबत नाही. आंतरविद्यापीठ स्पर्धांना पंचविसाची वयोमर्यादा, आणि कॉलेज संपलं की तोही दरवाजा बंद.

अशात ऑगस्टमध्ये बातमी आली. सारिका काळे यांना अर्जुन पुरस्कार!

सारिका आमच्याच गावची लेक. तेराव्या वर्षी खो-खोला लागली. वडिलांना शारीरिक अडचणीमुळे फारशी कमाई जमत नसे, आई शिवणकाम आणि घरकाम करी, घर चालायचं ते आजी-आजोबांच्या कष्टावर. जवळजवळ दहा वर्षं आपण एकवेळच जेवत होतो, चांगलंचुंगलं खायला मिळायचं ते शिबिराला गेलं म्हणजे, असं तिनं पुरस्कार जाहीर झाल्यावर सांगितलं. मी ते वाचलं आणि हातातला घास हातातच राहिला. एकवेळ जेवून ही पोर नऊ-नऊ मिनिटं वाऱ्यासारखी पळत होती! २०१६मध्ये गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धांत भारताच्या महिला संघानं सुवर्णपदक जिंकलं तेव्हा कप्तान सारिका होती. आणि त्याच वर्षी घरच्या ओढाताणीला कंटाळून तिनं खेळ सोडायचं ठरवलं होतं. दार लावून खोलीत बसली. आजीनं जाधव सरांना सांगितलं, सर समजवायला आले, आणि बऱ्याच मनधरणीनंतर ती पुन्हा मैदानावर गेली. पुढे राज्य शासनात क्रीडा अधिकाऱ्याची नोकरी लागली. पुरस्कार मिळाला तेव्हा ती तुळजापूरला नोकरीवर होती. देवीचं देऊळ भाविकांना बंद होतं, त्या वर्षीचं नवरात्रही भाविकांविना झालं. अशा सुन्या तुळजापुरात ही बातमी आली.

यात मला सगळ्यांत मोठी वाटते ती आजी. सरांकडे गेली नसती तर? घरातल्या म्हाताऱ्या बायका मुलींना मागे ओढतात असं आपण सर्रास म्हणतो. म्हणताना जरा जपून म्हणावं.

खो-खोला अर्जुन पुरस्कार मिळाला तो तब्बल बावीस वर्षांनी. आधीचा १९९८चा, शोभा नारायण यांचा. अन् तोही अशा वर्षी की, २९ ऑगस्टचा सोहळा प्रथमच पडद्यावरून झाला. राष्ट्रपती दिल्लीत, खेळाडू निरनिराळ्या शहरांतल्या केंद्रांत. राष्ट्रपतींच्या हातून पुरस्कार घेताना बघायचं राहिलंच. तरी आमच्या बोळात त्या दिवशी खांबाभोवतीच्या गिरक्या दोनशेवर गेल्या. तिच्या आईनं स्थळाकडे "सध्या नको" असा निरोप धाडला. सामने होणार की नाही हे तोवरही ठाऊक नव्हतं, बरं का!

हे दुखणं आमच्या गावापुरतं नव्हतं. फुटबॉलच्या मुलींचं तर याहून वाईट झालं. सतरा वर्षांखालील मुलींचा फुटबॉल विश्वचषक २०२०मध्ये भारतात भरायचा होता. आपली नवी मुंबईही त्यात होती. आधी तो पुढच्या वर्षावर गेला, मग रद्द झाला, आणि शेवटी ऑक्टोबर २०२२मध्ये भरला. तोपर्यंत २०२०साठी तयार केलेल्या मुलींनी वयाची मर्यादा ओलांडली होती. विश्वचषक आपल्या अंगणात आला आणि त्या बाहेर उभ्या! जानेवारी २०२२मध्ये नवी मुंबईतच आशियाई महिला फुटबॉल स्पर्धा झाली. भारताच्या संघातल्या इतक्या मुलींना करोनाची बाधा निघाली की दुसऱ्या सामन्यासाठी लागणाऱ्या तेराजणीही उभ्या करता आल्या नाहीत. यजमान संघ घरच्याच स्पर्धेतून बाहेर. पुढच्या विश्वचषकाची आशाही तिथेच संपली. वर्षानुवर्षांची मेहनत अशी एका तपासणीत गेली. त्या मुलींच्या आयांनी काय केलं असेल, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

सारिकानंतरच्या पिढीतली नसरीन शेख दिल्लीची. २०१९च्या काठमांडूच्या दक्षिण आशियाई स्पर्धांत सुवर्ण जिंकणाऱ्या महिला संघाची ती कप्तान. वडील भांडी विकून घर चालवत. टाळेबंदीत तो धंदा बसला आणि देशाच्या कप्तानाच्या घरी चुलीची पंचाईत झाली. पुढे २०२३चा अर्जुन पुरस्कार तिला मिळाला, पण ते पुढे.

मुलगी खेळत असो वा नसो, त्या दिवसांत शिकलेल्या दोन गोष्टी सांगते, उपयोगी पडतील. खेळ बंद म्हणून शेजारणीनं पोरीची खुराकी कमी केली नाही. बदाम-पिस्ते नव्हतेच, मूठभर शेंगदाणे आणि गूळ, मोड आलेली मटकी, ज्वारीची भाकरी, मेथी नाहीतर तांदुळजा आणि त्यावर लिंबू पिळलेलं. पालेभाजीतलं लोह अंगी लागायला लिंबू मदत करतं आणि जेवणावर लगोलग घेतलेला चहा आड येतो, म्हणून चहा तासाभरानं. वयात आलेल्या खेळाडू मुलीच्या अंगात रक्त कमी असेल तर ती धापा टाकते आणि आपण म्हणतो आळशी झाली. अशा वेळी दवाखान्यात रक्त तपासून घ्यावं. आणि मोठ्या खंडानंतर मैदान उघडलं की पहिल्याच दिवशी सूर मारायला धावू देऊ नये. खो-खोत उकिडवं बसून एकदम उसळायचं असतं, सगळा भार गुडघ्यांवर आणि घोट्यांवर. दोन-तीन आठवडे चढत्या क्रमानं सराव हवा. अंगावर करोना काढलेल्या मुलीनं तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पळूच नये.

मैदान उघडलं. नोव्हेंबर २०२२मध्ये तर महिला-पुरुषांची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धाच आमच्या गावात भरली. देशभरचे संघ आले, रात्रीच्या दिव्यांत सामने झाले, आणि महाराष्ट्राच्या मुलींनी विजेतेपद राखलं. मी कधी नव्हे ती स्वयंपाक लवकर आवरून बघायला गेले. मग जानेवारी २०२५मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिलावहिला विश्वचषक झाला. १९ जानेवारीच्या अंतिम सामन्यात प्रियांका इंगळेच्या संघानं नेपाळला ७८-४० असं हरवलं. त्या संघात आमच्या धाराशिवची अश्विनी शिंदे होती. त्या रात्री आमच्या गल्लीत दूरदर्शनपुढे बसलेल्या बायकांना खो-खोचे नियम समजावून सांगायचं काम माझ्याकडे होतं, कारण दीड वर्ष खिडकीतून मी दुसरं केलंच काय!

एक मात्र खटकतं. २०२२च्या ऑगस्टमध्ये पुण्याला बालेवाडीत खो-खोची व्यावसायिक लीग सुरू झाली. साथीमुळे तीही रखडलेली. पैसा आला, झगमगाट आला, पण तो पुरुषांच्या संघांना. मैदानाला कुलूप होतं तेव्हा कुलूप दोघांना सारखं होतं. उघडताना दार एकाच बाजूचं का उघडावं?

शेजारची ती मुलगी? कॉलेजं उघडली तेव्हा ती शेवटच्या वर्षाला होती. एक हंगाम मिळाला, एकच. विद्यापीठाच्या निवडीला गेली, राखीव खेळाडूंत नाव आलं. मैदानात उतरायची वेळ काही आली नाही. घरी येऊन पिशवी ठेवली आणि म्हणाली, "काकू, दोन वर्षं आधी असतं ना, तर बघितलं असतं." मी काहीच बोलले नाही. चहा टाकला.

आता ती लातूरला असते. लग्न तिनं पदवी झाल्यावर केलं, नवरा पसंत करून. पोलीस भरतीची तयारी चालली आहे, पहाटे पाचला पळायला जाते. परवा दिवाळीला आली होती. सासूबाईंनी नवे बूट घेऊन दिलेत म्हणून दाखवत होती. मग अंगणात गेली आणि त्या खांबाला हात लावून एक गिरकी घेतली, साडीचा पदर खोचून.