परिस्थितिविज्ञानाच्या अभ्यासाचीं साधनें

आपल्यापैकीं कित्येक शेतकऱ्यांचीं मुलें-मुली आतां विद्यापीठाच्या पदवीवर्गांत शिकत आहेत. त्यांत वनस्पतिशास्त्र किंवा प्राणिशास्त्र घेणाऱ्यांस ‘इकॉलॉजी’, म्हणजे परिस्थितिविज्ञान, अभ्यासावें लागतें. सत्र सुरू झालें कीं पुस्तकांची यादी घरीं येते, आणि यांतील काय घ्यावें व काय सोडावें असा प्रश्न खर्च करणाऱ्या वडिलांपुढें उभा राहतो. त्या संबंधीं चार शब्द येथें लिहितों.

सजीव एकमेकांशीं व माती, पाणी, हवा यांच्याशीं कोणत्या संबंधांनीं बांधले गेले आहेत, हें पाहणारें हें शास्त्र होय. त्यास हें नांव अर्न्स्ट हेकेल या जर्मन शास्त्रज्ञानें १८६६ सालीं दिलें. बांधावरचें गवत कां पालटलें, गुरें फार चरलीं तर मागून काय उगवतें, हे प्रश्न आपल्या रोजच्या परिचयाचे आहेत. शास्त्र त्यांस मोजमाप लावतें.

ग्रंथांत यूजीन ओडम यांचें ‘फंडामेंटल्स ऑफ इकॉलॉजी’ (१९५३) हें पुस्तक अवश्य पाहावें. तें आधीं सर्व व्यवस्था एकत्र दाखवून मग तिचे भाग उलगडतें. शेताकडे अखंडपणें पाहण्याची संवय असलेल्या घरांतील मुलास ही रीत मानवते. उदाहरणें मात्र बहुतेक अमेरिकेंतील आहेत. जुन्या बाजारांत मागील आवृत्ति मिळाल्यास खुशाल घ्यावी. हवामानबदलाचा विषय तेवढा नव्या पुस्तकांतून वाचावा. इंग्रजी जड जात असल्यास मराठी विश्वकोशांतील परिस्थितिविज्ञानाची नोंद आधीं वाचावी. ती संगणकावर विनामूल्य मिळते. प्रश्नोत्तरांचीं मार्गदर्शकें परीक्षेच्या आदल्या आठवड्यांत उपयोगीं पडतात, त्यापूर्वीं नाहीं.

आपल्या भूमीविषयीं दोन ग्रंथ महत्त्वाचे आहेत. थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्यांतील वनस्पतींवरील ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळांत निघाला. झाड ओळखण्यास तो अद्यापि आधार आहे. दुसरा, दबडघाव व शंकरनारायण यांचा ‘दि ग्रास कव्हर ऑफ इंडिया’ (१९७३). दख्खनच्या पठारावरील चांगल्या कुरणांत शेडा, मारवेल हीं गवतें असतात. अति चराई झाली म्हणजे तीं मागें हटून कुसळी माजते, हा क्रम त्यांत सांपडतो. गायरानाची चराई आवरावी कीं नाहीं असा वाद ग्रामसभेंत निघतो तेव्हां कोणापाशींच आंकडा नसतो. विद्यार्थ्याची वही तो देऊं शकते.

तो आंकडा काढावा कसा? लहान झाडोऱ्यासाठीं एक मीटर बाजूचा चौरस पुरतो. चार खुंट्या व सुतळी एवढेंच साहित्य. झाडांसाठीं दहा मीटर बाजूचा चौरस घेतात, म्हणजे शंभर चौरस मीटर. आपला गुंठा तेहतीस फुटांच्या सांखळीचा वर्ग, म्हणजे सुमारें एकशें एक चौरस मीटर भरतो. मोजणीची संवय असलेल्या घरास हें नवें नव्हे. परंतु जागा डोळ्यांनीं निवडूं नये. मन दाट गवताकडेच ओढ घेतें. पीककापणी प्रयोगांत तुकडा यदृच्छेनें निघालेल्या अंकांवरून ठरवितात तो याच कारणास्तव. ती पद्धति या देशांत रूढ करण्यांत पां. वा. सुखात्मे व वि. गो. पानसे यांचा मोठा वाटा आहे. ‘स्टॅटिस्टिकल मेथड्स फॉर ॲग्रिकल्चरल वर्कर्स’ (१९५४) हें त्या दोघांचें पुस्तक कृषि महाविद्यालयाच्या ग्रंथालयांत शोधावें.

आणखी एक साधन गांवाच्या दप्तरांत आहे. गांवनमुना बारा यांत कोणत्या वर्षीं कोणतें पीक, पाण्याचें साधन कोणतें, किती जमीन लागवडीबाहेर, हें लिहिलेलें असतें. जुन्या नकला रीतसर अर्ज व फी देऊन मागतां येतात. वीस-तीस वर्षांचे उतारे ओळीनें मांडले तर ज्वारी जाऊन ऊस केव्हां आला, पड केव्हां मोडली, हें दिसूं लागतें. पण ज्या गटांत वर्षानुवर्षें एकच पीक तितक्याच क्षेत्रावर लिहिलेलें दिसेल, तेथें मागील पान पुढें उतरविलें असल्याचा संशय घ्यावा व म्हाताऱ्या माणसांस विचारून पाहावें. दप्तरांत वावरलेला कोणीही हेंच सांगेल. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली, त्यामुळें तेव्हांपासूनची बरीचशी नोंद शेतकऱ्यानें स्वतःच भरलेली आहे. ती जितकी खरी, तितकाच तिच्यावर उभा राहणारा अभ्यास खरा.

बांधावरील गवत मात्र कोणत्याच नमुन्यांत नाहीं. तें तुऱ्यावरून ओळखावें लागतें, आणि तुरे भाद्रपद-आश्विनांत येतात. महाविद्यालयाची सुटी दिवाळींत. तोंवर बांध कापून गंज रचलेली असते. यंदा बांधाचा एखादा तुकडा न कापतां राखावा, आणि मुलगी घरीं आली म्हणजे आईनें किंवा आजीनें तिच्याबरोबर जाऊन गवतांचीं गांवठी नांवें सांगावीं. लॅटिन नांवें ती कुकच्या ग्रंथांतून लावून घेईल.