तेलुगू व्याकरण स्मरणात ठेवण्याच्या सुलभ खुणा

आदिलाबाद जिल्ह्याच्या सीमावर्ती गावांत पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलली जाते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट व राजुरा हे तालुके मुंबई राज्यात गेले व उर्वरित जिल्हा आंध्र प्रदेशात समाविष्ट झाला. आता तेलंगणाच्या २०१८ च्या कायद्यान्वये शाळांतून तेलुगूचे अध्ययन अनिवार्य आहे. घरी मराठी बोलणारे मूल या विषयात मागे पडल्यास त्याच्या पुढील शिक्षणाची वाट अडते. अशा विद्यार्थ्यांना पुढील तीन खुणा उपयुक्त ठरतील.

पहिली खूण लिंगाची. मराठीत ‘आला, आली, आले’ असा तिहेरी भेद आहे. तेलुगूत एकवचनी पुरुषास ‘वच्चाडु’, तर स्त्री, पशू व वस्तू या सर्वांस ‘वच्चिंदि’ हे रूप लागते. अनेकवचनात मात्र स्त्री-पुरुषांस ‘वच्चारु’ व इतरांस ‘वच्चायि’ असे म्हणतात. ‘एकात पुरुष वेगळा, अनेकांत माणूस वेगळा’ एवढे सूत्र पाठ करावे. आदरार्थी मात्र एका व्यक्तीसही ‘वच्चारु’ असेच म्हणावे.

दुसरी खूण प्रत्ययांची. ‘ला’ या प्रत्ययासाठी तेलुगूत ‘कि’ किंवा ‘कु’ येतो. ‘इकारामागे कि, इतरांमागे कु’ हे सूत्र ध्यानी ठेवावे : रविकि, राजुकु. कर्मास लागणाऱ्या ‘नि’ व ‘नु’ या प्रत्ययांचाही हाच नियम होय : रविनि, राजुनु. मराठीत ‘घर’ शब्दाचे सामान्यरूप ‘घरा’ होते, त्याप्रमाणे तेलुगूतील ‘इल्लु’चे ‘इंटि’ होते. प्रत्यय सामान्यरूपास लागत असल्याने ‘इंटिकि’ हे रूप सिद्ध होते.

तिसरी खूण सर्वनामांची. ऐकणाऱ्यास सामावून घेणारे ‘मनमु’ म्हणजे आपले ‘आपण’, व त्यास वगळणारे ‘मेमु’ म्हणजे ‘आम्ही’. हिंदीत वा इंग्रजीत हा भेद एका शब्दाने दाखविता येत नाही. मराठी मुलास तो आधीच अवगत असतो.

मातृभाषेच्या आधारे शिक्षण देण्याची परंपरा या जिल्ह्यास नवी नाही. १९४३ मध्ये मार्लवाई येथे गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण सुरू झाले, तेव्हा गोंडी वाचनपुस्तके देवनागरी लिपीत तयार करण्यात आली होती.

सूत्र हा केवळ आधार होय. शिक्षकांनी प्रत्येक सूत्रानंतर मुलांकडून गावातील माणसे, गुरे व घरे यांविषयी दहा वाक्ये बोलवून घ्यावीत. पालकांनीही आठवडी बाजारात मुलांस तेलुगूत बोलू द्यावे व चुकल्यास हसू नये. मराठीचे ज्ञान हा तेलुगूच्या मार्गातील अडथळा नसून तिच्याकडे नेणारी पायरी आहे.