सॉक्रेटिसचा खटला : ऐंशी मतांचे कोडे

इसवी सनपूर्व ३९९ मधील एका दिवशी अथेन्सच्या न्यायालयात एकाच खटल्यात दोनदा मतदान झाले. पहिले मतदान आरोपी दोषी आहे की नाही यासाठी होते, दुसरे त्याला कोणती शिक्षा द्यावी यासाठी. आरोपी होता सत्तर वर्षांचा सॉक्रेटिस. न्यायदानास बसलेल्या नागरिकांची संख्या ५०० होती असे धरले, तर पहिल्या मतदानात २८० जणांनी त्याला दोषी ठरवले आणि २२० जणांनी निर्दोष. अवघी तीस मते इकडची तिकडे झाली असती तर आपण सुटलो असतो, असे प्लेटोच्या वृत्तान्तात सॉक्रेटिस स्वतःच सांगतो. दुसऱ्या मतदानात मात्र मृत्युदंडाच्या बाजूने पहिल्यापेक्षा ऐंशी मते अधिक पडली, अशी नोंद डायोजिनीस लायर्टियस या चरित्रकाराने केली आहे. तो सॉक्रेटिसनंतर सुमारे सहाशे वर्षांनी होऊन गेला, तेव्हा आकड्याबाबत सावध राहणेच बरे. पण तो खरा असेल, तर ज्या माणसाला आपण थोड्याच वेळापूर्वी निर्दोष मानले त्याला ठार मारावे, असे निदान ऐंशी नागरिकांना वाटले.

हे कोडे समजून घ्यायचे तर अथेन्सचे न्यायालय कसे चालत असे, हे आधी पाहावे लागते. तेथे सरकारी वकील नव्हता. कोणीही नागरिक दुसऱ्यावर फिर्याद दाखल करू शकत असे. निकाल देणारा न्यायाधीशही नव्हता. तीस वर्षांवरील सहा हजार नागरिकांची दरवर्षी चिठ्ठ्या टाकून निवड होई आणि त्यांच्यातूनच खटल्यासाठी पंच बसत. त्यांना दिवसाचे तीन ओबोल, म्हणजे अर्धा द्राख्मा, एवढा भत्ता मिळे. दोन्ही पक्षांच्या भाषणांची वेळ पाण्याच्या घड्याळाने मोजली जाई, खटला एका दिवसात संपे आणि पंच आपसात चर्चा न करता थेट मतदान करीत. अपिलाची सोय नव्हती. काही गुन्ह्यांना कायद्याने शिक्षा ठरवून दिलेली नसे. अशा वेळी फिर्यादीने एक शिक्षा सुचवायची, आरोपीने दुसरी, आणि पंचांनी त्या दोहोंतून एक निवडायची, असा प्रघात होता. सॉक्रेटिसचा खटला याच प्रकारातला होता.

फिर्यादी तिघे होते. नावापुरता मुख्य फिर्यादी मेलेटस हा तरुण होता, लायकॉन हा वक्ता होता. पण खरे वजन होते ते अॅनिटसचे. चामड्याच्या धंद्यातून आलेला हा धनिक लोकशाही पक्षाचा मान्यवर पुढारी होता. नगर ज्या देवांना मानते त्यांना सॉक्रेटिस मानत नाही, नव्या दैवी शक्ती आणतो आणि तरुणांना बिघडवतो, असे आरोपाचे स्वरूप होते. मागितलेली शिक्षा मृत्यूची. यातील ‘नव्या दैवी शक्तीं’चा रोख, आपल्याला एक दैवी अंतःस्वर चुकीच्या कृतीपासून परावृत्त करतो, या सॉक्रेटिसच्या सांगण्याकडे होता. त्याने हे कधी लपवले नव्हते.

आरोपपत्रात धर्म दिसतो, राजकारण दिसत नाही. ते दिसणारही नव्हते. पेलोपोनेशियन युद्धात इ.स.पूर्व ४०४ मध्ये अथेन्सचा पराभव झाला आणि स्पार्टाच्या पाठिंब्याने तीस जणांची जुलमी राजवट आली. जेमतेम आठ महिन्यांत या राजवटीने सुमारे दीड हजार माणसे मारली. तिचा म्होरक्या क्रिटियास एकेकाळी सॉक्रेटिसच्या सहवासात वावरलेला. अथेन्सला सोडून शत्रूला जाऊन मिळालेला अल्सिबायडिसही त्याच वर्तुळातला. इ.स.पूर्व ४०३ मध्ये लोकशाही परतली, तेव्हा सर्वसाधारण माफी जाहीर झाली आणि जुन्या राजकीय कृत्यांसाठी खटले भरण्यास बंदी आली. त्यामुळे क्रिटियासचे नाव आरोपपत्रात घालता येण्याजोगे नव्हते. मात्र पंचांच्या मनातून ते काढून टाकणारी माफी कोणताही कायदा देऊ शकत नव्हता. पुढे इ.स.पूर्व ३४५ मध्ये एस्किनिस नावाच्या वक्त्याने दुसऱ्याच एका खटल्यात बोलताना, क्रिटियासला शिकवले म्हणून तुम्ही सॉक्रेटिसला मारले, असे पंचांना सहज सांगितले. ही गोष्ट अर्धशतकानंतरही लोक गृहीत धरत होते, हाच त्याचा अर्थ.

त्याहून जुना पूर्वग्रह रंगभूमीने निर्माण केला होता. इ.स.पूर्व ४२३ मध्ये अॅरिस्टोफेनिसचे ‘मेघ’ हे प्रहसन सादर झाले. त्यातला सॉक्रेटिस टोपलीत बसून आकाश न्याहाळतो आणि खोट्याचे खरे करण्याची विद्या शिकवतो. खटल्यातल्या पंचांपैकी अनेकांनी ते तरुणपणी पाहिले असणार. पैसे घेऊन वक्तृत्व शिकवणाऱ्या ‘सोफिस्ट’ मंडळींत आणि सॉक्रेटिसमध्ये सामान्य अथेन्सवासीयाला फरक दिसत नव्हता. सॉक्रेटिस शुल्क घेत नसे आणि आपण कोणाचे गुरू आहोत असेही म्हणत नसे. पण विनोदी नाटकाच्या धाकापुढे असे बारकावे टिकत नाहीत.

मग आपण खरोखर काय करतो, हे सांगण्यासाठी सॉक्रेटिसने न्यायालयात डेल्फीची हकिगत मांडली. केरेफॉन नावाच्या त्याच्या मित्राने अपोलोच्या मंदिरात प्रश्न विचारला होता की, सॉक्रेटिसहून शहाणा कोणी आहे काय? कोणी नाही, असे उत्तर मिळाले. सॉक्रेटिस बुचकळ्यात पडला. आपल्यापाशी शहाणपण नाही हे त्याला ठाऊक होते आणि देव खोटे बोलणार नाही हेही. म्हणून तो स्वतःहून शहाणा माणूस शोधायला निघाला. राजकारण्यांकडे गेला, त्यांना आपण ज्ञानी आहोत असे वाटत होते, परंतु विचारत गेले की हाती काही लागत नव्हते. कवी सुंदर लिहीत होते, पण आपल्याच ओळींचा अर्थ त्यांना समजावता येत नव्हता. कारागिरांना आपापल्या कामाचे खरे ज्ञान होते, हे त्याने मोकळेपणाने मान्य केले. मात्र त्या बळावर इतर थोर विषयांतलेही आपल्याला कळते असा त्यांचा समज झाला होता. अखेर त्याला देववाणीचा अर्थ लागला. जे आपल्याला माहीत नाही ते माहीत आहे असे तो मानत नव्हता, आणि त्याचे अधिकपण एवढ्यापुरतेच होते. मित्राची ही साक्ष निवडण्यातही एक सूचक गोष्ट होती. केरेफॉन लोकशाही पक्षाचा होता आणि जुलमी राजवटीत परागंदा झाला होता. सॉक्रेटिसने पंचांना त्याची आवर्जून आठवण करून दिली.

‘मला एवढेच कळते की मला काही कळत नाही’ हे वाक्य सॉक्रेटिसच्या नावावर सर्रास खपवले जाते. प्लेटोच्या वृत्तान्तात ते या रूपात नाही, आणि त्यातून ध्वनित होणारा सरसकट संशयवाद तर मुळीच नाही. अज्ञानाची कबुली ही त्याच्यासाठी विचारपूस सुरू करण्याची अट होती, शेवट नव्हे. याचा नमुना प्लेटोच्या ‘युथिफ्रो’ या संवादात सापडतो. खटल्याच्या प्राथमिक कामासाठी सॉक्रेटिस संबंधित अधिकाऱ्याच्या कचेरीपाशी आलेला असताना तेथे त्याला युथिफ्रो भेटतो. एका मजुराच्या मृत्यूबद्दल हा गृहस्थ स्वतःच्या वडिलांवर मनुष्यवधाचा खटला भरायला निघाला आहे आणि ते धर्माला धरूनच आहे अशी त्याची खात्री आहे. तेव्हा धर्मनिष्ठा म्हणजे नेमके काय, असे सॉक्रेटिस विचारतो. देवांना जे प्रिय ते धर्म्य, असे उत्तर येते. त्यावरचा प्रश्न आज अडीच हजार वर्षांनीही तत्त्वज्ञानाच्या वर्गात विचारला जातो : एखादी गोष्ट देवांना प्रिय आहे म्हणून ती धर्म्य ठरते, की ती धर्म्य आहे म्हणून देवांना प्रिय असते? युथिफ्रोला उत्तर सुचत नाही. काही तरी काम आठवून तो निघून जातो.

हा प्रसंग प्लेटोने खटल्याच्या उंबरठ्यावर घडवला, यात एक बोचरा युक्तिवाद दडलेला आहे. अथेन्सच्या कायद्यात धर्मद्रोह हा गुन्हा होता, पण धर्मद्रोह कशाला म्हणायचे याची व्याख्या नव्हती. ती प्रत्येक खटल्यात पंचांच्या समजुतीवर सोपवलेली असे. ज्या शब्दाचा अर्थ कोणालाच सांगता येत नाही त्या शब्दावरून एका माणसाचा जीव घेतला जाणार होता.

सॉक्रेटिसला काहीच ठाम वाटत नव्हते असेही नाही. अन्याय सोसण्यापेक्षा अन्याय करणे अधिक वाईट, आणि अन्यायाची परतफेडही अन्यायाने करू नये, यावर तो अढळ होता. मृत्यूनंतर काय आहे हे आपल्याला ठाऊक नाही, त्यामुळे त्याला भिणे म्हणजे नसलेल्या ज्ञानाचा आव आणणे होय, असे तो न्यायालयात म्हणाला. पण अन्याय करणे वाईट, हे मात्र आपल्याला ठाऊक आहे. ही नुसती भाषा नव्हती. इ.स.पूर्व ४०६ मध्ये आर्गिनुसीच्या सागरी लढाईनंतर, बुडणाऱ्या सैनिकांना वाचवले नाही म्हणून सेनापतींचा एकत्रित निवाडा करण्याची मागणी लोकसभेत उसळली. तो बेकायदा होता. त्या दिवशी कामकाज चालवणाऱ्या समितीत असलेल्या सॉक्रेटिसने त्याला विरोध केला. विरोध वाया गेला आणि सहा सेनापती मारले गेले. पुढे तीस जणांच्या राजवटीने सॅलमिसच्या लिऑनला पकडून आणण्यासाठी पाच जणांना पाठवले, त्यांत सॉक्रेटिस होता. चौघे गेले; सॉक्रेटिस घरी गेला. एकदा लोकशाहीसमोर आणि एकदा जुलूमशाहीसमोर त्याने तेच केले.

न्यायालयातही त्याने आपली रीत बदलली नाही. मेलेटसची उलटतपासणी त्याने बाजारातल्या संवादासारखीच घेतली. तरुणांना सुधारतो कोण? पंच, लोकप्रतिनिधी, सारे नागरिक, असे मेलेटस म्हणत गेला आणि एकटा सॉक्रेटिस सोडून सारे अथेन्स तरुणांना सुधारते असे हास्यास्पद चित्र उभे राहिले. घोड्यांच्या बाबतीत तरी असे असते काय? घोडा सुधारणारे जाणकार मोजकेच असतात. त्यानंतर मेलेटस त्याला पुरता नास्तिक म्हणाला, तेव्हा जो दैवी शक्ती आणतो तो नास्तिक कसा, या प्रश्नात तो अडकला. डावपेच म्हणून ही उलटतपासणी बिनतोड आहे. मात्र नगराच्या देवांचे काय, या मूळ मुद्द्याला तिच्यात सरळ उत्तर मिळत नाही, हेही मान्य करायला हवे. मुलाबाळांना न्यायालयात आणून पंचांना पाझर फोडण्याची रूढी त्याने पाळली नाही. त्याला तीन मुलगे होते आणि दोघे तर अजून लहान होते, हे त्याने सांगितले. आणले मात्र कोणालाच नाही.

तरीही २२० मते त्याच्या बाजूने पडली, आणि मग शिक्षा सुचवण्याची पाळी आली. हद्दपारी सुचवली असती तर ती बहुधा मान्य झाली असती. सॉक्रेटिसने आपल्याला काय योग्य ठरेल याचा हिशेब मांडला. नगराच्या कल्याणासाठी आयुष्य घालवलेल्या गरीब माणसाला ऑलिम्पिक विजेत्यांप्रमाणे नगरभवनात सरकारी खर्चाने जेवण मिळावे, असे तो म्हणाला. मग एक मिना, म्हणजे शंभर द्राख्मा, दंड भरण्याची तयारी दाखवली. शेवटी प्लेटो, क्रिटो आदी मित्रांनी हमी घेतल्यावर आकडा तीस मिनांवर नेला. कुशल कारागिराची रोजची मजुरी तेव्हा सुमारे एक द्राख्मा होती. म्हणजे ही रक्कम आठ वर्षांच्या कमाईहून मोठी, अजिबात क्षुल्लक नव्हे. पण जेवणाची सूचना कानावर पडल्यानंतर रकमेकडे लक्ष देण्याच्या मनःस्थितीत पंच उरले नसावेत. ऐंशी मतांच्या कोड्याचे सर्वांत साधे उत्तर इथे आहे. त्यांच्या लेखी तो उद्दामपणा होता. सॉक्रेटिसच्या लेखी मात्र प्रश्न ‘मला काय योग्य आहे’ असा होता, आणि त्याचे खोटे उत्तर देऊन जीव वाचवणे म्हणजे आपण अन्याय केला आहे असे, तसे वाटत नसताना, कबूल करणे होते.

अमेरिकन पत्रकार आय. एफ. स्टोन यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात याउलट बाजू मांडली. अथेन्सला आपल्या भाषणस्वातंत्र्याचा अभिमान होता. त्या तत्त्वाची आठवण करून दिली असती तर सॉक्रेटिस सुटला असता, पण लोकशाहीवरच विश्वास नसल्याने त्याने ते केले नाही, असा स्टोन यांचा दावा आहे. चिठ्ठ्या टाकून अधिकारी निवडण्याची पद्धत सॉक्रेटिसला पटत नव्हती, हे झेनोफननेही नोंदवले आहे. पण मतस्वातंत्र्याची ढाल पुढे करायची, तर आपण जे बोलतो ते केवळ एक मत आहे असे मानावे लागते. सॉक्रेटिसला ते देवाने नेमून दिलेले काम वाटत होते. स्टोन यांचा सॉक्रेटिस सुटला असता. तो हा सॉक्रेटिस नसता.

शिक्षेची अंमलबजावणी महिनाभर लांबली, कारण डेलॉसला गेलेले पवित्र गलबत परतेपर्यंत अथेन्समध्ये कोणाला मृत्युदंड देता येत नसे. त्या काळात क्रिटोने पळून जाण्याची व्यवस्था केली आणि सॉक्रेटिसने ती नाकारली. हे सारे आपल्याला ठाऊक आहे ते मुख्यतः दोघांमुळे : खटल्याला हजर असलेला प्लेटो आणि त्या वेळी आशियातील मोहिमेवर गेलेला झेनोफन. वृद्धापकाळाच्या यातना टाळण्यासाठी सॉक्रेटिसने मरण जवळ केले, असे झेनोफनचे स्पष्टीकरण आहे. प्लेटोला ते पटले नसते. सॉक्रेटिसने स्वतः एक ओळही लिहिलेली नाही.

प्लेटोने लिहिलेल्या या बचावाच्या भाषणाचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. गांधीजींनी १९०८ साली दक्षिण आफ्रिकेतल्या ‘इंडियन ओपिनियन’मध्ये त्याचा गुजराती सारांश ‘एक सत्यवीरनी कथा’ या नावाने क्रमशः छापला. तो पुस्तिकेच्या रूपाने हिंदुस्थानात आला, तेव्हा १९१० साली मुंबई सरकारने ‘हिंद स्वराज्य’बरोबर त्यावरही बंदी घातली.