लॅडल फर्नेस: पोलादाची शेवटची चव

भट्टीतून ओतलेलं पोलाद तयार असतं, असा आपला समज. प्रत्यक्षात त्याचा खरा गुण ठरतो तो लॅडलमध्ये, म्हणजे वितळलेला धातू वाहून नेणाऱ्या भल्या थोरल्या पात्रात. अडचण अशी की मँगनीज, क्रोमियमसारखी थंड मिश्रद्रव्यं टाकली की रस निवतो. म्हणून लॅडलवर झाकण बसवून त्यातून ग्रॅफाइटचे तीन इलेक्ट्रोड खाली सोडतात. विजेच्या ठिणगीझोताने तापमान साधारण १६०० अंश सेल्सिअसच्या आसपास राखलं जातं. वर तरंगणाऱ्या मळीचा थर झोताला झाकतो. उष्णता रसात जाते आणि लॅडलचं अस्तर वाचतं.

मात्र वीज फक्त ऊब देते. आमटीत मीठ टाकून ढवळलं नाही तर जे होतं, ते इथेही होईल; त्यामुळे तळातल्या सच्छिद्र विटेतून आर्गॉन वायूचे बुडबुडे सोडतात. फेरोमँगनीज, फेरोसिलिकॉन वरच्या हॉपरमधून मोजून पडतात.

सगळ्यात हट्टी कॅल्शियम. ते १४८४ अंशांनाच उकळतं, शिवाय हलकं. वरून टाकलं तर वाफ होऊन उडणारच. यावरची युक्ती मला फार आवडते: पोलादी पत्र्याच्या बारीक नळीत त्याची भुकटी भरून तार बनवतात आणि ती यंत्राने वेगात खोल घुसवतात. तळाशी वरच्या रसाचा दाब असल्याने कॅल्शियमला काम करायला थोडा अवधी मिळतो.

मग नमुना स्पेक्ट्रोमीटरवर जातो. मिश्रण कमी भरलं तर आणखी घालता येतं. जास्त झालं तर काढणं महाकठीण.