चाहत्यांचे चित्रपट व प्रताधिकार

एखाद्या लोकप्रिय चित्रपटाच्या, दूरचित्रवाणी मालिकेच्या किंवा चित्रकथेच्या चाहत्यांनी तीतील पात्रे, प्रसंग व कथाविश्व यांच्या आधारे, बहुधा मूळ निर्मात्याच्या परवानगीवाचून, हौसेने तयार केलेल्या नव्या चित्रपटास चाहत्यांचा चित्रपट म्हणतात. असे चित्रपट पूर्वी पदरमोड करून काढले जात व मोजक्या परिचितांनाच दाखविले जात. इंटरनेटद्वारे लोकवर्गणी गोळा करणे सुलभ झाल्यावर त्यांच्या निर्मितीत मोठ्या रकमा येऊ लागल्या. परिणामी हौस व व्यवसाय यांमधील सीमारेषा पुसट झाली आणि मूळ कृतीच्या प्रताधिकाराचा (कॉपीराइटचा) प्रश्न न्यायालयापर्यंत पोहोचला.

महाराष्ट्रातील उदाहरण : नासिक जिल्ह्यातील मालेगाव या यंत्रमागांच्या शहरात अशा चित्रपटांची स्वतंत्र परंपरा निर्माण झाली. व्हिडिओगृह चालविणारे शेख नासिर यांनी शोले (१९७५) या हिंदी चित्रपटाचे विनोदी रूपांतर मालेगाव के शोले (२०००) या नावाने काढले. साधा व्हिडिओ कॅमेरा, स्थानिक कलावंत आणि घोड्यांऐवजी सायकलींवरून येणारे दरोडेखोर, असे त्याचे स्वरूप होते. पुढे त्यांनी सुपरमॅन या अमेरिकी चित्रकथेतील पात्रालाही मालेगावात उतरविले. त्या निर्मितीवर फैझा अहमद खान यांनी सुपरमेन ऑफ मालेगाव (२००८) हा माहितीपट केला. रीमा कागती यांचा सुपरबॉईज ऑफ मालेगाव (२०२४) हा कथापटही याच मंडळींवर आधारलेला आहे.

शोले या एकाच चित्रपटाच्या आधारे झालेल्या व्यावसायिक निर्मितीची गत मात्र वेगळी झाली. राम गोपाल वर्मा की आग (२००७) या चित्रपटाविरुद्धच्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये प्रताधिकाराचा भंग झाल्याचा निर्णय देऊन प्रतिवादींना १० लाख रुपये देण्याचा आदेश दिला. गावातील हौशी निर्मितीकडे हक्कधारकाने कानाडोळा केला, तरी तो कायद्याने दिलेला परवाना ठरत नाही.

भारतीय कायदा : ‘प्रताधिकार अधिनियम, १९५७’ अन्वये चित्रपटाचा प्रताधिकार प्रकाशनवर्षानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. त्यानुसार शोलेचा प्रताधिकार २०३५ च्या अखेरपर्यंत आहे. पटकथा व संगीत यांचे हक्क स्वतंत्र असून ते त्यांच्या कर्त्यांच्या हयातीत व मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत राहतात. याउलट दादासाहेब फाळके यांच्या राजा हरिश्चंद्र (१९१३) या चित्रपटावरील हक्क संपुष्टात आले असल्याने त्याच्या आधारे कोणासही नवी निर्मिती करता येते.

कल्पनेवर प्रताधिकार नसतो, तिच्या विशिष्ट आविष्कारावर असतो, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने आर. जी. आनंद विरुद्ध डीलक्स फिल्म्स (१९७८) या खटल्यात सांगितले. दोन्ही कृती पाहिलेल्या सामान्य प्रेक्षकाला दुसरी कृती पहिलीची नक्कल वाटते काय, ही कसोटी त्यात महत्त्वाची मानली गेली. चित्रपटाची ‘प्रत’ म्हणजे काय, याविषयी मात्र मतभेद आहेत. मूळ फीत न वापरता दृश्ये नव्याने चित्रित केल्यास ती त्या चित्रपटाची प्रत होत नाही, अशी भूमिका मुंबई उच्च न्यायालयाने २००३ मध्ये घेतली. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये याहून व्यापक अर्थ स्वीकारला. तथापि नव्याने चित्रण केले, तरी पटकथा, संवाद व गीते यांवरील हक्क अबाधित राहतात. वैशिष्ट्यपूर्ण पात्रालाही संरक्षण मिळू शकते, हे तत्त्व मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये दबंग चित्रपटातील चुलबुल पांडे या पात्रासंबंधीच्या दाव्यात मान्य केले.

खाजगी उपयोग, संशोधन, टीका व समीक्षण यांसाठी केलेला रास्त वापर कलम ५२ अन्वये भंग ठरत नाही. केरळ उच्च न्यायालयाने १९९६ मध्ये एका प्रसिद्ध मलयाळम् नाटकाला उत्तर म्हणून लिहिलेल्या प्रतिनाट्यास याच तत्त्वाचे संरक्षण दिले. मूळ कृतीवर काही भाष्य करणारे विडंबन व तिच्या लोकप्रियतेवर उभे राहिलेले अनुकरण यांतील भेद त्यामुळे महत्त्वाचा ठरतो.

लोकवर्गणीचा प्रश्न : चित्रपटासाठी वर्गणी काढण्याची कल्पना भारताला नवीन नाही. श्याम बेनेगल यांच्या मंथन (१९७६) या चित्रपटासाठी गुजरातमधील ५ लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी २ रुपये दिले होते. तेथे कथा नव्याने लिहिलेली व उत्पादकांच्याच चळवळीवर आधारलेली असल्याने इतरांच्या हक्काचा प्रश्न नव्हता. चाहत्यांच्या चित्रपटात मात्र वर्गणी मिळते ती बहुतांशी दुसऱ्याच्या पात्राच्या नावावर.

यासंबंधीचा प्रमुख खटला अमेरिकेत झाला. स्टार ट्रेक या मालिकेच्या कथाविश्वावर आधारलेला प्रिल्यूड टू ॲक्झनार (२०१४) हा लघुपट आणि त्यानंतरचा नियोजित पूर्ण लांबीचा चित्रपट यांसाठी १० लाख डॉलरहून अधिक वर्गणी जमली. डिसेंबर २०१५ मध्ये ‘पॅरामाउंट’ व ‘सीबीएस’ या हक्कधारक कंपन्यांनी दावा दाखल केला. प्रेक्षकांकडून शुल्क घेतले नसले, तरी वर्गणीच्या रूपाने निर्मात्यांना लाभ झाला, हे लक्षात घेऊन न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये रास्त वापराचा बचाव नाकारला. त्याच महिन्यात तडजोड झाली व पूर्ण लांबीच्या चित्रपटाऐवजी दोन छोट्या भागांवर निर्मात्यांना समाधान मानावे लागले. तत्पूर्वी २०१६ मध्ये कंपन्यांनी चाहत्यांसाठी मार्गदर्शक नियम जाहीर केले होते. एक भाग १५ मिनिटांचा, दोन भागांची एकत्रित लांबी ३० मिनिटे आणि वर्गणी ५० हजार डॉलरपर्यंत, अशा मर्यादा त्यांत होत्या.

वर्गणीदारांची स्थिती : या वादात सर्वांत दुर्बल पक्ष वर्गणीदाराचा असतो. भारतीय कायद्यानुसार चित्रपट करण्यात पुढाकार व जबाबदारी घेणारी व्यक्ती ही त्याची निर्माता होय. केवळ पैसे दिल्याने त्या कृतीत स्वामित्व मिळत नाही. शिवाय चित्रपटाचा बराचसा भाग दुसऱ्या कृतीच्या प्रताधिकाराचा भंग करणारा असेल, तर कलम १३ अन्वये त्या चित्रपटावर मुळी प्रताधिकारच निर्माण होत नाही. म्हणजे मनाई हुकूम निघाल्यास वर्गणीदाराला चित्रपट पाहावयास मिळत नाही आणि रक्कम खर्च झाली असल्यास ती परत मिळणेही कठीण होते.

म्हणून वर्गणीस आरंभ करण्यापूर्वी हक्कधारकाची लेखी परवानगी घेणे, तिच्या मर्यादा वर्गणीदारांना कळविणे आणि निर्मिती थांबल्यास उरलेल्या रकमेचे काय करावयाचे हे आधीच ठरविणे, या गोष्टी आवश्यक ठरतात. चाहत्यांचे प्रेम मूळ कृतीची कीर्ती वाढविते, हे हक्कधारकही जाणतात. त्यामुळे अनेकदा दुर्लक्ष केले जाते. परंतु दुर्लक्ष कोणत्याही क्षणी मागे घेता येते; लेखी परवानगीचे तसे नसते.